इको मोजून द्यावा

"भाऊ, जरा इको दे ना."

नागपुरातल्या कुठल्याही सभागृहात कार्यक्रमाच्या दोन तास आधी जाऊन बसा. शंकरनगरचं साई सभागृह असो, लक्ष्मीनगरचं सायंटिफिक, सिव्हिल लाइन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृह किंवा रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, हे वाक्य कानावर पडणारच. गायक माइकवर दोनदा 'हॅलो' म्हणतो, साउंडवाल्याकडे बघून हात उंचावतो. साउंडवाला मिक्सरवरचं एक बटण उजवीकडे फिरवतो आणि आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा होतो. गायक खूश. गाण्याला भारदस्तपणा आला असं त्याला वाटतं. मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला मात्र पुढचे दोन तास शब्द नीट कळत नाहीत.

त्याच मंचावर, कीबोर्डच्या स्टँडखाली किंवा गिटारवाल्याच्या बुटाशेजारी, धातूची एक छोटी डबी असते. वर पाचसहा बटणं, पायाने दाबायचे एकदोन स्विच, एक लुकलुकणारा दिवा. तिला डिले पेडल म्हणतात. काम तेच: आलेला आवाज जपून ठेवायचा आणि थोड्या वेळाने परत द्यायचा. तरी त्या डबीतून आलेला बासरीचा किंवा गिटारचा सूर गढूळ होत नाही, उलट उजळतो. मी नागपुरात आणि आसपास बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय. हा फरक कशामुळे पडतो याचा मी खूप विचार केला आणि माझं उत्तर साधं आहे. मिक्सरवरचा इको ओतलेला असतो, पेडलवरचा मोजलेला.

हे मोजमाप आपण सगळ्यांनी नववीच्या विज्ञानात केलेलं आहे. २२ अंश सेल्सिअसला आवाज सेकंदाला ३४४ मीटर जातो. ऐकलेल्या आवाजाचा ठसा मेंदूत साधारण ०.१ सेकंद टिकतो, म्हणून प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायचा तर समोरची भिंत किमान १७.२ मीटरवर हवी. पेडल म्हणजे पायाने पुढेमागे सरकवता येणारी भिंत. अर्ध्या सेकंदाचा डिले लावला, म्हणजे ८६ मीटरवर भिंत उभी केली. विजापूरच्या गोलघुमटात सज्जावर उभं राहून टाळी वाजवलेल्या माणसाला ही गंमत वेगळी सांगायला नको. आपल्याकडे दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे. त्या घुमटाखाली शांत उभं राहिलं की हळू बोललेलं वाक्यही लांबत गेल्यासारखं वाटतं.

पण दगडाच्या घुमटाची एक मर्यादा असते. त्याची वेळ ठरलेली. गाणाऱ्याने घुमटाची वेळ पाळायची, घुमट गाणाऱ्याची पाळत नाही.

माणसं मात्र पाळतात, आणि आपल्या मुलखात ही कला जुनी आहे. पोवाड्यात शाहिराची ओळ संपते न संपते तोच मागचे साथीदार तिचं शेपूट उचलतात आणि वर नेतात. त्याला झील म्हणतात, धरणारे ते झीलकरी. विदर्भातल्या खडी गंमतीत शाहिराच्या मागे झीलकरी असतातच. कीर्तनात टाळकरी हेच करतात. बुवा चरण सोडतात, टाळकरी ते झेलून परत देतात आणि तेवढ्या अवधीत बुवा दम घेतात, पुढचा दृष्टांत मनात जुळवतात. चांगला झीलकरी शाहिराच्या शब्दावर कधीच चढत नाही. तो जागा सुटायची वाट बघतो. शाहीर लय वाढवतो तेव्हा तोही वाढवतो. डिले पेडलच्या माहितीपुस्तिकेत जे जे गुण छापलेले असतात ते सगळे मला झीलकऱ्यात सापडतात. म्हणून हे यंत्र मला कधी परकं वाटलं नाही.

आणखी एक शब्द आपल्याकडे आहे, आस. तंबोऱ्याची तार छेडल्यावर नाद जो रेंगाळतो, तबल्याच्या बायावर थाप पडल्यावर जो हुंकार उरतो, ती आस. जुने वादक एखाद्या वाद्याबद्दल 'याला आस नाही' म्हणाले की निकाल लागला. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर बासरी, सतार, संतूर सगळं मिळतं, पण पट्टीवरून बोट उचललं की सूर कापल्यासारखा तुटतो. त्याला आस नसते. डिले पेडल ती उसनी आणून देतं.

०

यंत्र यायच्या आधी ही उसनवारी माणसाच्या पायांनी झालेली आहे. १९४९ च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' खेमचंद प्रकाशांना असं हवं होतं की आवाज दुरून येतोय असं वाटावं. माइक खोलीच्या मध्ये ठेवला आणि तरुण लताबाई कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या. अंतर खरंखुरं चालून काढलेलं आहे, म्हणून आजही ते गाणं ऐकताना अंगावर काटा येतो.

अमेरिकेत त्याच सुमारास टेपवर प्रयोग चालले होते. टेपरेकॉर्डरमध्ये आवाज मुद्रित करणारं हेड आणि वाचणारं हेड यांच्यात थोडं अंतर असतं. टेप सेकंदाला १५ इंच धावत असेल आणि दोन हेडांत २ इंच अंतर असेल, तर आवाज १३३ मिलिसेकंदांनी उशिरा ऐकू येतो. हा उशीर मूळ आवाजात मिसळला की झाला इको. गिटारवादक लेस पॉल यांनी या युक्तीचं वेड लावलं. मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी एल्विस प्रेस्लीच्या १९५४ सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकांना तिचाच एक चटका दिला. एकच पुनरावृत्ती, तीही लगेच, भिंतीवर चेंडू आपटून हातात परत यावा तशी. लंडनमध्ये चार्ली वॉटकिन्स यांनी १९५८ मध्ये कॉपीकॅट नावाची पेटी काढली, इटलीत बिन्सनने टेपऐवजी फिरता चुंबकीय ड्रम वापरला. आणि जपानमध्ये इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या रोलँड कंपनीने १९७४ मध्ये आरई-२०१ स्पेस इको आणला. सलग फिरणारी टेपची माळ, वाचणारी तीन हेडं, आणि जोडीला स्प्रिंगचा रिव्हर्ब. टेप जुनी झाली की सूर किंचित डळमळायचा. ती डळमळच लोकांना इतकी आवडली की आजची डिजिटल पेडलं ती मुद्दाम तयार करून देतात.

रोलँड हे नाव नागपूरच्या माणसाला वेगळ्या वाटेने माहीत आहे. लग्नाच्या वरातीपासून गणपतीपर्यंत सगळीकडे वाजणारा ऑक्टोपॅड हा मुळात रोलँडचाच, १९८५ सालचा. नाव एका कंपनीच्या वाद्याचं, ते सगळ्याच तशा वाद्यांना चिकटलं, जसं कुठल्याही कीबोर्डला आपल्याकडे कॅसिओ म्हणतात. आणि पेडलांच्या दुनियेत सर्रास दिसणारी बॉस ही कंपनीही रोलँडचीच.

टेपची पेटी पायाखालच्या डबीत मावायला दोन शोध लागले. पहिला १९६९ मधला, फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी लावलेला. आपल्याकडे स्लॅब पडतो तेव्हा खालच्या मिक्सरपासून वरपर्यंत माणसांची रांग लागते आणि घमेलं हातोहात वर जातं. त्या चिपमध्ये असंच होतं. आवाजाच्या विजेचा एकेक भार एका कपॅसिटरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकवला जातो. रांगेत जितकी माणसं जास्त, तितका उशीर जास्त. जपानच्या मात्सुशिताची एमएन ३००५ ही गाजलेली चिप ४०९६ माणसांच्या रांगेची होती. आणि घमेलं हातोहात जाताना थोडा माल सांडतोच. इथे सांडतो तो सुराचा वरचा, झगझगीत भाग. म्हणून या जुन्या ॲनालॉग डिलेची प्रत्येक पुनरावृत्ती आधीपेक्षा मवाळ, अंधुक होत जाते आणि मूळ सुराच्या आड येत नाही. तांत्रिकदृष्ट्या हा दोष आहे. कानाला तो गुण वाटतो.

दुसरा शोध डिजिटल. आवाजाचे सेकंदाला हजारो नमुने घेऊन ते आकड्यांत साठवायचे. स्मृतीतली ही साठवण सरळ रेषेत नसते, ती रहाटगाडग्यासारखी गोल असते. एका जागी गाडगं भरतं, चाक फिरतं, ठरलेल्या जागी ते रिकामं होतं आणि पुन्हा भरायला येतं. ४४,१०० नमुन्यांच्या दराने अर्ध्या सेकंदाचा डिले म्हणजे २२,०५० गाडग्यांचा रहाट. यात काही सांडत नाही. बॉसने १९८३ मध्ये डीडी-२ काढलं, ते छोट्या डबीतलं पहिलं डिजिटल डिले पेडल मानलं जातं. उशीर ८०० मिलिसेकंदांपर्यंत, म्हणजे पाऊण सेकंदाच्या थोडा वर. १९९९ मध्ये लाइन सिक्सच्या हिरव्या डीएल-४ ने टेपचा, ॲनालॉगचा आणि डिजिटलचा असे अनेक डिले एकाच खोक्यात घातले, शिवाय १४ सेकंदांचा तुकडा मुद्रित करून फिरवत ठेवायची सोय दिली. तिथून बहुगुणी पेडलांचं युग सुरू झालं. २०११ चं स्ट्रायमनचं टाइमलाइन, २०१९ चं बॉसचं डीडी-२०० ही त्याच घराण्यातली.

एवढा पसारा असला, तरी प्रत्येक पेडलवर तीनच बटणं खरी. टाइम म्हणजे किती वेळाने, फीडबॅक म्हणजे किती वेळा, आणि मिक्स किंवा लेव्हल म्हणजे किती मोठ्याने. फीडबॅकमध्ये परत आलेला आवाज पुन्हा आत सोडतात. प्रत्येक खेपेला तो साठ टक्के उरत असेल, तर दुसऱ्या खेपेला छत्तीस, तिसऱ्याला बावीसच्या आत, आणि मग विरून जातो. शंभर टक्क्यांच्या वर गेलं की मात्र तो विरत नाही, वाढतच जातो आणि शेवटी माइकच्या कुंईसारखा किंचाळतो. ते बटण फिरवताना हात जपून चालवावा.

०

आता लयीकडे येतो, कारण सगळा जीव तिथे आहे.

केरवा घ्या. आठ मात्रा. समजा मिनिटाला १२० मात्रांची लय आहे, म्हणजे एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. डिले बरोबर ५०० वर लावला तर पुनरावृत्ती पुढच्या मात्रेवर पडते. ती ठोक्याखाली लपते, सूर जाड होतो, पण हालचाल कळत नाही. आता डिले पाऊण मात्रेवर, म्हणजे ३७५ वर लावा आणि अर्ध्या अर्ध्या मात्रेवर, म्हणजे दर २५० मिलिसेकंदांनी एकेक सूर वाजवा. प्रत्येक सुराची पुनरावृत्ती पुढच्या दोन सुरांच्या बरोबर मध्ये येऊन बसते. तुम्ही मात्रेत दोनच सूर वाजवताय आणि ऐकणाऱ्याला चार ऐकू येतात. दुगुन वाजवून चौगुन मिळते. यू-टू या आयरिश बँडचा गिटारवादक द एज याने आपलं वाजवणं याच पाऊण मात्रेवर उभं केलं. १९८७ मधलं त्यांचं 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम' ऐका, सुरुवातीची गिटार. पाश्चात्त्य मंडळी याला डॉटेड एट्थ म्हणतात. आमच्याकडच्या नव्या मुलांनाही तेच नाव पाठ असतं. पण तबल्याच्या क्लासमध्ये गेलेल्या पोराला 'पाऊण मात्रा' म्हटलं की त्याच्या हाताला लगेच कळतं. पाऊणपट, सव्वापट, दीडपट ही लयकारी आपल्या रियाजातली आहे. पेडलवरच्या छोट्या इंग्रजी स्वरचिन्हांचं भाषांतर आपण आपल्याच तालात करून घ्यायला हवं.

दादऱ्यात, सहा मात्रांत, पाऊण मात्रा चालत नाही. ती तालाच्या वळणाला आडवी जाते. तिथे मी एका मात्रेचा डिले ठेवतो आणि फीडबॅक दोनच पुनरावृत्त्यांचा. सूर, मग दोन पडसाद, की झाल्या तीन मात्रा. अर्धा दादरा बरोबर भरला. रूपकात, सात मात्रांत, एकच पुनरावृत्ती आणि तीही हळू आवाजात. जास्त दिलं की खाली कुठे आणि भरी कुठे हे गायकालाच सापडेनासं होतं.

आणि आपल्या संगीतात लय स्थिर राहत नाही हे मूळ दुखणं. परदेशी बँड कानातल्या क्लिकवर वाजवतात. १२० म्हणजे शेवटपर्यंत १२०. आपला ढोलकीवाला दुसऱ्या अंतऱ्याला चढतो, कव्वाली तर चढण्यासाठीच असते, आणि भीमगीतांच्या कार्यक्रमात समोरचा समुदाय उठून उभा राहिला की लय कुणाच्याच हातात राहत नाही. सुरुवातीला मोजून लावलेला डिले तिसऱ्या मिनिटाला चुकतो. म्हणून पेडल घेताना माझी पहिली अट टॅप टेम्पोची. पायाने दोनतीन ठोके लयीत दाबले की पेडल मधला वेळ मोजतं आणि डिले त्यावर बसवतं. गिटारवाल्याला हे सोपं आहे. कीबोर्डवाल्याचा उजवा पाय बहुधा सस्टेनवर असतो, म्हणून त्याने डाव्या पायाची सवय करावी. दर अंतऱ्याला समेवर पाय टाकत राहायचा. तबलजी पायाने ठेका धरतो तसंच. महिनाभराच्या रियाजात हे अंगवळणी पडतं, आणि मग पेडल झीलकऱ्यासारखं वागू लागतं.

०

या सगळ्याचा कस सभागृहात लागत नाही, रस्त्यावर लागतो. नागपूरची धुमाल ज्यांनी मारबतीला, संदलला किंवा गणपतीत ऐकली आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. ढोल-ताशांच्या गडगडाटावर ऑक्टोपॅड, त्यावर कीबोर्डची एकच धून, आणि समोर दोन्ही बाजूंना इमारती. महाल भागातल्या अरुंद रस्त्यांवर भिंती स्वतःच डिले देत असतात, तोही लयीत न बसणारा. तिथे पेडल चालू ठेवलं तर नुसता गलका होतो. तिथे ते बंद ठेवावं, आणि मिरवणूक मोकळ्या चौकात आली, भिंती लांब गेल्या की पाय टाकावा. सूर एकदम पंख पसरल्यासारखा होतो. पेडल कधी बंद ठेवायचं हे मला रस्त्यानेच शिकवलं.

मुंबई-कोकणात हेच काम बेंजो करतो. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये त्या वादकांवर 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपटही केला. हा बेंजो म्हणजे आपला बुलबुलतरंग, आणि त्याचा पूर्वज जपानचा ताइशोगोतो, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टाइपरायटरसारख्या कळा बसवून केलेला. त्यालाच पिकअप बसवून आपल्या कारागिरांनी विजेवर चालवलं. नागोयाचं वाद्य आणि जपानी कंपनीचं डिले पेडल लालबागच्या मिरवणुकीत एका वायरने जोडलं जातं, तेव्हा दोन्ही आपली झालेली असतात.

नागपूरहून पूर्वेला निघालं की झाडीपट्टी लागते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. दिवाळीला धान कापायला येतं, भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते, आणि होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचं केंद्र. तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, तारखा तिथे ठरतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा उर्वरित महाराष्ट्राचं या रंगभूमीकडे नव्याने लक्ष गेलं. पूर्वी साथीला ऑर्गन आणि तबला असायचा, आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड असतो. या कीबोर्डवाल्याइतकं कष्टाचं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. रात्री दहाच्या पुढे सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत. त्यात लावणी आहे, रडण्याचा प्रसंग आहे, खलनायकाची एन्ट्री आहे, भूत आहे, देवीचा कोप आहे. पार्श्वसंगीत सगळं त्या एका माणसाच्या दोन हातांत. लांब डिलेवर धरलेला एक खालचा सूर देवीच्या प्रवेशाला पुरतो. तोच डिले ८० मिलिसेकंदांवर आणला की रस्त्यावरच्या भांडणाला कडकपणा येतो. बहुगुणी पेडल म्हणजे काय ते तिथे कळतं. बारा प्रकारांपैकी बारा वापरायचे नसतात, पण अंधारात, संवाद चालू असताना, पायाच्या एका दाबात एकातून दुसऱ्यात जाता यायला हवं. आणि डिले बंद केल्यावर मागची शेपूट मध्येच तुटू नये, ती आपोआप विरावी. माहितीपुस्तिकेत या सोयीला ट्रेल्स म्हणतात. करुण प्रसंगात शेपूट तुटली तर प्रेक्षकाचं रडूच तुटतं.

झाडीपट्टीसाठी मला एका प्रकाराचं फार कौतुक आहे, डकिंगचं. तुम्ही वाजवत असताना पुनरावृत्ती मान खाली घालून बसते. तुम्ही थांबलात की ती वर येते. नाटकातल्या संवादावर संगीत चढू न देण्याचं काम जे साउंडवाल्याने करायला हवं, ते इथे यंत्रच करतं. ऑक्टेव्ह वर चढत जाणारा शिमर नावाचा प्रकार मला आपल्याकडे फारसा उपयोगी वाटत नाही. भजनाच्या आधी दोन मिनिटं शोभतो, पुढे गोड मिट्ट होतो. उलटा वाजणारा रिव्हर्स भुताला ठीक.

०

कीबोर्डवाल्यांसाठी तीन व्यवहाराच्या गोष्टी लिहितो, कारण दुकानात त्या कुणी सांगत नाही.

बहुतेक पेडलं गिटारच्या बारीक सिग्नलसाठी जन्माला आलेली असतात. कीबोर्डमधून निघणारा सिग्नल त्याच्या कित्येक पट तगडा. तो सरळ घातला तर सूर फाटतो. पेडलवर लाइन आणि इन्स्ट्रुमेंट असा खटका आहे का ते बघा. नसेल तर कीबोर्डचा आवाज अर्ध्यावर आणा आणि मिक्सरवर भरून काढा. उत्तम उपाय म्हणजे पेडल मिक्सरच्या ऑक्स सेंडवर लावणं. मूळ सूर सरळ जातो, डिलेचा फक्त ओला भाग शेजारून परत येतो. दुसरं, कीबोर्ड स्टिरिओ असतो, तेव्हा पेडलला दोन इनपुट आणि दोन आउटपुट हवेत, नाहीतर पियानोचा अर्धा देह मंचावरच राहतो. तिसरी गोष्ट विजेची. माझं पहिलं पेडल एका गावच्या कार्यक्रमात धूर सोडून मेलं. घाईत मी त्याला कीबोर्डचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला होता. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मध्यभागी ऋण टोक असतं. माझ्या अडॅप्टरमध्ये मध्यभागी धन होतं. पिन मात्र दोन्हींची सारखीच बसते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अडॅप्टरवर रंगीत चिकटपट्टी आहे. तुम्हीही लावा.

आता मैदानांबद्दल. खासदार सांस्कृतिक महोत्सवासारखा मोठा कार्यक्रम ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर होतो तेव्हा हजारो माणसं बसलेली असतात. अशा मोठ्या मैदानावर मागच्या लोकांसाठी मध्ये स्पीकरचे मनोरे उभे करावे लागतात. त्या मनोऱ्यांना तार सरळ जोडली तर गाणं मागच्या माणसाला दोनदा ऐकू येतं, आधी मनोऱ्यातून, मग हवेतून मंचावरून. म्हणून मनोऱ्याचा आवाज मुद्दाम उशिरा सोडतात. हाही डिलेच, पण इको मारण्यासाठी लावलेला. आणि इथे नागपूरची हवा हिशेबात येते. जानेवारीच्या रात्री तापमान १० अंशांवर असताना आवाज सेकंदाला सुमारे ३३७ मीटर जातो, मे महिन्यातल्या ४५ अंशांत सुमारे ३५९ मीटर. ६० मीटरवरच्या मनोऱ्याला हिवाळ्यात १७८ मिलिसेकंद उशीर द्यावा लागतो, उन्हाळ्यात १६७. शहाणा साउंडवाला दुपारी तपासलेला आकडा रात्री पुन्हा तपासतो. मोजणं म्हणजे हे.

इतकं असून सभागृहात मात्र तोच ओतलेला इको. याचं मला खरंच वाईट वाटतं. गझल असते, शब्दांसाठी लोक आलेले असतात, आणि शब्द एकमेकांवर पडून चिखल होतो. विशेष म्हणजे स्वस्त मिक्सरच्या आणि कॅराओके यंत्रांच्या इकोमागे बहुधा जी चिप असते, तैवानच्या प्रिन्स्टन टेक्नॉलॉजीची पीटी २३९९, तीच कित्येक हौशी आणि महागड्या डिले पेडलांतही असते. सोळा पायांची लहानशी चिप, ३० ते ३४० मिलिसेकंद उशीर देणारी. म्हणजे दोष यंत्राचा नाही. मिक्सरवरच्या त्या एका बटणाने फक्त प्रमाण ठरतं. वेळ कारखान्यातच कुणीतरी ठरवून टाकलेली असते, आणि त्या कुणाला आपलं गाणं केरव्यात आहे की दादऱ्यात हे माहीत नसतं.

म्हणून माझं एक मागणं आहे. मुंबईत ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनसारखी कंपनी गिटारची पेडलं घडवते, ती परदेशात विकली जातात. म्हणजे आपल्याला हे जमतं. नागपुरात व्हीएनआयटी आहे, इतर अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, सीताबर्डीत सुटे भाग मिळतात, आणि पीटी २३९९ वर डिले उभा करणं हा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पेलणारा प्रकल्प आहे. पुढे छोटा प्रोसेसर घेऊन असं पेडल करा की ज्यावर डॉटेड आणि ट्रिपलेटऐवजी पाऊण, दीड, सव्वा लिहिलेलं असेल. ज्यावर झपताल निवडला की पडसाद दोन-तीन-दोन-तीन अशा अंतराने येतील. ज्याला तबल्याचा माइक जोडला की चढती लय ते स्वतः ओळखेल. झाडीपट्टीच्या एका मोसमात, दिवाळी ते होळी, ते चालवून बघायला वडशाच्या वाटेवर शेकडो मंच आहेत. मी माझा कीबोर्ड घेऊन येतो.

आणि गाणाऱ्यांना एवढंच. पुढच्या कार्यक्रमात साउंड चेकला उभे राहाल तेव्हा आधी गाण्याच्या चार ओळी त्यांच्या खऱ्या लयीत कोरड्या आवाजात म्हणा, साउंडवाल्या दादाला ताल सांगा, मागच्या रांगेत एका माणसाला बसवून शब्द कळतात का ते विचारा. मग इको मागा.